चाळीस बथ पाणी

आमचे भावजी घाबरले की आधी त्यांचे कान लाल होतात. मग ते सगळे खिसे चाचपतात, आणि त्यानंतर एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. माझं लग्न झालं त्या पहिल्याच आठवड्यात हे सगळं मला शेगडीपायी बघायला मिळालं.

"वहिनी, गॅस बंद केलात ना?"

"केला."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे बंद झालेला पाहिलात, की बंद केला असेल असं वाटतंय?"

नवी सून म्हणून मी गप्प बसले. आज कुणी असं विचारलं तर शेगडीच उचलून हातात देईन.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. घरात आम्ही चौघं. आमचे हे ट्रक चालवतात आणि महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर असतात. सासूबाईंना मी आई म्हणते. उरलो भावजी आणि मी. भावजी लिफ्टला घाबरतात, कुत्र्याला घाबरतात, शिडीला घाबरतात, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला घाबरतात. दाढी करताना रेडिओ लावू देत नाहीत, दचकलो तर कापेल म्हणून. आई म्हणतात, हा पोटात होता तेव्हा लाथसुद्धा मारायचा नाही, मला लागेल म्हणून घाबरायचा. हे त्या कौतुकाने सांगतात की वैतागून, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

त्यांची सगळ्यात मोठी भीती मात्र वेगळीच आहे. आपण सांगितलेलं चुकेल, ही. त्यामुळे भावजी कुठलाही आकडा एकटा सोडत नाहीत. घरी कधी याल विचारलं, तर "सव्वापाचपासून पावणेसातपर्यंत." एकदा त्यांना एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, भावंडं किती? भावजी म्हणाले, "एकपासून दोनपर्यंत." त्यांच्या मनात लहानपणीच गेलेली बहीण आली होती, आणि तिला धरायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना. समोरच्यांना वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. चहा संपायच्या आत ते लोक उठले.

कामाच्या ठिकाणी त्यांचं नावच मुळी "पासूनपर्यंत" पडलंय. हाक मारली की तेही मुकाट्याने ओ देतात.

ते काम म्हणजे जुन्या वजनामापांच्या संग्रहालयातलं. इमारत पूर्वी धान्याची वखार होती. बाहेरच्या भिंती हातभर जाड, दोन मजले, आणि वरच्या मजल्याला लाकडी तुळयांवर टाकलेल्या फळ्या. खाली तराजू आणि वजनं, वर दूरदेशची भांडी. मीही तिथेच आहे, तळमजल्यावरच्या सामानघरात. लोकांच्या पिशव्या, कोट, छत्र्या घ्यायच्या आणि पितळेचा बिल्ला द्यायचा. सामानघर म्हणजे वखारीच्या एका कोपऱ्यात नंतर काढलेली, पार मधल्या तुळईखालपर्यंत आलेली खोली. दोन बाजूंना मूळची दगडी भिंत, दोन बाजूंना फळ्यांची. पुढच्या फळ्यांच्या भिंतीत एक दार आणि एक गजांची खिडकी, एवढंच.

भावजी पाट्या लिहितात. भांडं कुठलं, कुठल्या काळातलं, आणि त्यात आजच्या हिशेबाने किती लिटर मावेल. शेवटचा भाग सगळ्यात कठीण, आणि त्यातही त्यांचा जीव प्राचीन हिब्रू मापांवर. तरुणपणी एका निवृत्त भाषाशिक्षकांकडे ते ती उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी शिकले. ते म्हणतात, त्या वहीसमोर बसल्यावर पहिल्यांदाच त्यांना कशाची भीती वाटली नाही. जे लोक दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी होऊन गेले, ते काही दार वाजवून जाब विचारायला येणार नाहीत.

मला ती मापं त्यांनीच शिकवली, म्हणजे स्वयंपाकघरात माझ्या मागे उभं राहून माझं डोकं खाल्लं. लोग हे लहान माप, तेलाबिलाचं. बारा लोगांचा एक हिन. सहा हिनांचा एक बथ, म्हणजे बहात्तर लोग. इथवर सगळं सरळ आहे. पण लोगात मावतं किती? जुने हिब्रू पंडित सांगून गेले की सहा अंडी मावतील तेवढं. झालं. मग अंडं केवढं, यावर शेकडो वर्षं भांडण. काही पंडितांनी दुसऱ्या वाटेने जाऊन तेच माप अंगठ्याच्या रुंदीवरून काढलं, तर ते जवळजवळ दुप्पट आलं. आता अंगठा खरा की अंडं? एका मोठ्या पंडितांनी तर निकाल दिला की अंगठे काही बदललेले नाहीत, तेव्हा पूर्वीची अंडीच दुप्पट मोठी असणार आणि काळाच्या ओघात कोंबड्या लहान अंडी घालायला लागल्या असणार.

"मग कोंबड्यांनाच विचारा की," मी म्हणाले.

भावजी हसले नाहीत. त्यांनी काठोकाठ भरलेल्या पातेल्यात एकेक अंडं बुडवून सांडलेलं पाणी मोजलं, आणि माझा ओटा सकाळभर ओला राहिला. एका अंड्याला साधारण पन्नास मिलिलिटर. म्हणजे बथ झाला साडेएकवीस लिटरांच्या जरा वर. आणि पंडितांचं ऐकून अंडं दुप्पट धरलं, तर त्रेचाळीसच्या वर. जमिनीतून निघालेले फुटके रांजण जोडून कुणी आणखी तिसरंच सांगतं. भावजींनी दोन्ही टोकं लिहिली आणि समाधानाने झोपी गेले. त्यांच्या मते खरं उत्तर तेच होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात खोट दिसत नव्हती.

मग आमच्या संचालकबाईंच्या मनात आलं की वरच्या मजल्यावर मधोमध एक मोठं आकर्षण हवं. प्राचीन हिब्रू मंदिरात चाकांच्या गाड्यांवर ठेवलेली धातूची घंगाळं होती म्हणे. प्रत्येक चार हात रुंद, आणि प्रत्येकात चाळीस बथ पाणी. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तसंच एक घंगाळ बनवून घ्यायचं, आणि तेही भरलेलं.

"रिकामं भांडं बघायला कोण येतंय?" बाई म्हणाल्या.

भावजींनी नेहमीसारखं लिहून दिलं. चाळीस बथ म्हणजे आठशे चौसष्ट लिटरपासून सतराशे अठ्ठावीस लिटरपर्यंत. हे टिपण दोन ठिकाणी गेलं. मजला किती भार पेलेल ते बघणाऱ्या इंजिनियरांकडे एक, आणि घंगाळ घडवणाऱ्या तांबटाकडे एक. इंजिनियरांनी पहिला आकडा उचलला, कारण तो आधी लिहिला होता. तांबटाने दुसरा उचलला, कारण चार हात रुंद भांड्यात पहिला बसवला असता तर ते परातीसारखं पसरट झालं असतं, आणि त्याला आपलं काम खोल आणि गोल दिसायला हवं होतं. दोघांनीही टिपणातलाच आकडा घेतला होता. दोघं कधी समोरासमोर आले नाहीत. यातलं काहीही आम्हाला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी घंगाळाचं उद्घाटन होतं. दुपारी पाहुणे यायचे होते, म्हणून पाणी भरायला सकाळीच सुरुवात झाली. तळमजल्यावरच्या नळाला मोजणीचं मीटर लावलं, तिथून लांब नळी जिन्यावरून वर नेली, आणि नळ सोडून सगळे हारतुऱ्यांच्या गडबडीत लागले. आई माझ्याबरोबर आल्या होत्या. धाकट्याचं काम बघायचं म्हणून त्यांनी ठेवणीतली चप्पल घातली होती आणि ती चावत होती. मी त्यांना सामानघरात माझ्या स्टुलावर बसवलं.

मंडपवाल्यांची धूळ आत येत होती म्हणून मी दार लोटलं. ते वरच्या बाजूला घासलं. काल घासत नव्हतं. मी खांदा लावून ढकललं आणि ते करकरत बसलं. हवा दमट असेल असं म्हणून मी कोटांचे हुक पुसायला घेतले.

थोड्या वेळाने आमच्याच कुणीतरी सकाळी टांगलेल्या एका काळ्या कोटाच्या खांद्यावर पांढरी भुकटी दिसली. झटकली. पुन्हा वळून पाहते तर पुन्हा होती. वर पाहिलं. तुळई आणि फळ्या यांच्यामधल्या सांध्यातून चुन्याची बारीक धार गळत होती, अगदी सावकाश.

"आई, जरा इकडे सरका," मी म्हणाले.

"का? मला इथे वारा लागतोय."

"कुठून लागणार वारा? दार बंद आहे."

"तेच म्हणते मी, मग वरून कसा येतोय?" आई म्हणाल्या, आणि त्यांनी वर बोट दाखवलं. दोन फळ्यांमध्ये फट पडली होती.

त्याच वेळी भावजी वरून खाली आले होते. पाटी सरळ लागली का ते बघायला ते वर गेले होते, आणि त्यांनी घंगाळात डोकावून पाहिलं तर ते भरत आलं होतं पण काठापासून अजून वीतभर खाली होतं. मीटरवर एव्हाना चौदाशेच्या वरचा आकडा असेल अशी त्यांची अटकळ होती, आणि खाली येऊन बघितलं तर तो होताच. त्यांनी पहिल्यांदा नळ बंद केला. मग ते संचालकबाईंकडे गेले आणि म्हणाले की वरचं वजन दीड टनांपासून सव्वादोन टनांपर्यंत झालं असावं. बाईंच्या हातात पाहुण्यांची यादी होती. त्या म्हणाल्या, "अहो, आज तरी नको. दीड की सव्वादोन, ते ठरवा आणि मग या." भावजींनी इंजिनियरांना फोन लावला. मजला किती पेलेल, त्यांनी विचारलं. भांडं धरून दीड टन, ते म्हणाले, आणि तेही कसंबसं. पाणी तर तुम्हीच आठशे चौसष्ट लिटर लिहिलं होतंत. भावजींनी मीटरवरचा आकडा सांगितला, तेव्हा इंजिनियर म्हणाले की मी निघालोच.

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की भावजी खिडकीच्या गजांशी आले आणि त्यांचे कान लाल नव्हते. चेहरा कागदासारखा होता आणि कानही तसेच.

"वहिनी, आईला घेऊन बाहेर या. आत्ता."

मी दाराची कडी ओढली. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, पाय चौकटीला लावून ओढलं. जणू ते दार नव्हतंच, भिंतीचाच तुकडा होता. भावजी दाराची वरची बाजू बघत होते. चौकट मधे वाकली होती. मला आतून कळलं नव्हतं, त्यांना बाहेरून दिसलं.

आमचा पहारेकरी धावत आला. अंगाने हा एवढा, मनाने चांगला. "सरका, मी एका धक्क्यात काढतो," म्हणत तो मागे गेला आणि खांदा पुढे करून निघाला.

भावजी त्याच्या आडवे आले. ज्या माणसाने कधी रांगेत पुढे घुसणाऱ्यालाही हटकलं नाही, तो दोन्ही हात पसरून दारासमोर उभा राहिला.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "तुळई खाली बसलीय. ही चौकट तिला टेकू देतेय. दार फोडलंत तर चौकट जाईल आणि वरचं सगळं त्यांच्या अंगावर येईल."

पहारेकरी जागच्या जागी थांबला. मी चौकटीला लावलेला पाय हळूच काढून घेतला. त्याच चौकटीला रेटा देऊन मी मघाशी जिवाच्या आकांताने दार खेचत होते.

भावजींना इमारतींमधलं एवढं कसं कळतं असं कुणालाही वाटेल. त्याचं कारण विद्या नव्हे, भीतीच. इतकी वर्षं ते वरच्या मजल्यावर कधी मधून चालले नाहीत, भिंतीकडेने चालतात. मजल्याचं काम निघालं की प्रत्येक सुताराला, प्रत्येक गवंड्याला भंडावून सोडतात. लोक त्यांची चेष्टा करतात, मीही भरपूर केली.

"वहिनी, ऐका. दगडी भिंतींच्या कोपऱ्यात जा. आईला पाठीशी घ्या. मधे उभ्या राहू नका. कपाट ओढू नका, काही ओढू नका."

मी आईंना उठवलं. त्यांना कमी ऐकू येतं असं नाही, पण त्या अशा वेळी मुद्दाम हळू होतात. "माझी चप्पल," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, राहू द्या चप्पल. आम्ही कोपऱ्यात गेलो. आईंचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं. त्यांच्या केसांवर पांढरी भुकटी बसली होती.

संचालकबाई आल्या. काय गोंधळ चाललाय म्हणून त्या रागावूनच आल्या होत्या. भावजी त्यांना म्हणाले, "सतराशे अठ्ठावीस."

"काय?"

"घंगाळ सतराशे अठ्ठावीसचं आहे. भरत आलंय. सगळ्यांना इमारतीबाहेर काढा. वर एकही माणूस जाता कामा नये."

एकच आकडा. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या आणि मग लोकांना बाहेर काढायला वळल्या. बाहेर खुर्च्या सरकल्याचे, पळापळीचे आवाज आले. मंडपवाले ओरडत होते. मग ते आवाज लांब गेले, आणि वखार एकदम रिकामी झाली. त्या शांततेत मला वर पाण्याचा डचमळल्यासारखा आवाज ऐकू आला. घंगाळाला कुणी हात लावत नव्हतं, तरी आतलं पाणी हलत होतं.

भावजी खिडकीशी परत आले.

"बूच तळाशी आहे, चाकांच्या मधे," ते म्हणाले. "ते काढलं की पाणी जाईल. फळ्यांवर पसरेल, तुमच्या अंगावर गळेल. घाबरू नका. जेवढं गळेल तेवढं वजन कमी होईल."

"पहारेकऱ्याला पाठवा," मी म्हणाले. त्यांना तिथे पाठवायची कल्पनाच मला सहन होईना.

"तो नव्वद किलोचा आहे. मी पंचावन्न."

आई माझ्या काखेतून म्हणाल्या, "धाकट्या, तू नको रे जाऊ. तुला भीती वाटते."

"हो आई," भावजी म्हणाले. "फार वाटते." आणि ते गेले.

जिन्यावर त्यांची पावलं वाजली. मग वाजायची थांबली, ते चपला काढत होते. नंतर फळ्यांवर अनवाणी पावलं ऐकू आली, आधी भिंतीकडेने, लांबून. मी कानात प्राण आणून ऐकत होते. भिंतीकडेची पावलं आमच्या डोक्यावरपर्यंत आली आणि थांबली. आता त्यांना मधे जायचं होतं. ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले असावेत असं मला वाटलं. मी मनात म्हणत होते, जा ना, आणि त्याच वेळी म्हणत होते, नका जाऊ.

पाऊल पुढे पडलं. तुळई बोलली. याला दुसरा शब्द मला सुचत नाही. लाकूड करकरतं ते वेगळं, हा आवाज खोल होता आणि छातीत जाणवला. हुकांवरचे कोट हलले. मी आईंना इतकं घट्ट धरलं की त्या कळवळल्या.

"वहिनी," फळ्यांमधून आवाज आला. ते आडवे झाले होते, त्यांचं तोंड फटीला लागलं असावं. "अजून आहात ना?"

"आहोत."

"मी खाली शिरतोय. गाडीच्या खाली."

दोन टनांच्या खाली तो माणूस सरपटत चालला होता, जो आमच्या घरी पंख्याखाली बसत नाही. फळ्यांवर कपडे घासल्याचा आवाज आला. मग धातूवर हात आपटल्याचा. पुन्हा. बूच निघत नव्हतं. तांबटाने गळू नये म्हणून ते घट्ट ठोकून बसवलं होतं.

"नाही निघत," ते म्हणाले. ते रडत होते हे मला कळलं. "वहिनी, नाही निघत हे."

मी काय बोलणार? बूच कसं आहे, कुठे आहे, मला काही माहीत नव्हतं. मी जे तोंडात आलं ते बोलले. "भावजी, उलट्या बाजूने फिरवत असाल. थांबा, श्वास घ्या, आणि दुसऱ्या बाजूने फिरवा." बरणीचं झाकण उघडेना की मी त्यांना हेच सांगते.

मग एक मोठा ठोका बसला, आणि लगेच पाणी कोसळल्याचा आवाज सुटला. भावजी ओरडले. तो ओरडा ऐकून आईंनी आपलं तोंड माझ्या खांद्यात लपवलं.

फळ्यांच्या सगळ्या सांध्यांतून पाणी उतरू लागलं. आधी थेंब, मग धारा. आमच्या लोकांचे कोट भिजले, बॅगा भिजल्या, माझ्या पाठीवरून गार पाणी वाहू लागलं. तुळई अजून करकरत होती. मी डोळे मिटून घेतले आणि पाणी अंगावर पडू दिलं. जास्त पडो, आणखी पडो, असं मी आयुष्यात पाण्याला कधी विनवलं नव्हतं. आई काहीतरी पुटपुटत होत्या. मी वाकून ऐकलं तर त्या फक्त "धाकटा, धाकटा" म्हणत होत्या.

वरून काही आवाज येत नव्हता. मी दोनदा हाक मारली. पाण्याच्या धबधब्यात माझी हाक मलाच नीट ऐकू येत नव्हती. ते चेपले असतील. पाण्याच्या जोराने डोकं आपटून पडले असतील. माझ्या डोळ्यांसमोर काय काय यायला लागलं ते लिहवत नाही. जीव अगदी टांगणीला लागला होता, आणि करता काहीच येत नव्हतं. कोपऱ्यात उभं राहायचं, बस्स.

मग दार वाजलं. कुणी वाजवलं नव्हतं. चौकटीतून एक टक असा आवाज आला, आणि वरच्या कोपऱ्यात अंधाऱ्या फटीऐवजी उजेडाची बारीक रेघ दिसली. पहारेकरी बाहेरून बघत होता. "उघडू का?" त्याने विचारलं. तोही आता कुजबुजत होता. मी म्हणाले, बोटाने ढकलून बघा, जोर लावू नका. त्याने दोन बोटं लावली. दार अर्धं उघडलं आणि थांबलं. तेवढं आम्हाला पुरलं. आईंना मी आधी काढलं, त्यांच्या मागे मी निघाले. पहारेकऱ्याने आईंना अक्षरशः उचलून अंगणात नेलं.

मी जिन्याकडे पळाले. पायऱ्यांवरून पाणी ओसंडत होतं. वर दालनाच्या उंबऱ्याशी मी थांबले, कारण पुढे पाऊल टाकायची माझी छाती होईना. फळ्या मधे खाली वाकल्या होत्या, उघड्या डोळ्यांना दिसावं इतक्या. त्या खोलगट भागात घंगाळ उभं होतं, जरा एका अंगाला कललेलं. त्याच्या खालून पाणी जोरात येत होतं आणि चाकांच्या मधून भावजींचे दोन पाय बाहेर आले होते. अनवाणी, ओले. ते हलत होते.

"भावजी," मी ओरडले, "दार उघडलं. आई बाहेर आल्या."

घंगाळाखालून आवाज आला, पण पाण्यात काही कळेना. मी पुन्हा ओरडले. या खेपेला ऐकू आलं.

"आणि वहिनी?"

"अहो, मीच वहिनी. मीच बोलतेय."

पाय हलायचे थांबले. कितीतरी पाणी वाहून गेलं.

"बाहेर आहात?"

"बाहेर आहे. जिन्यावर."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "पुढे येऊ नका. निम्म्याहून जास्त आहे अजून. सगळं जाईपर्यंत येऊ नका. मला उठता येत नाहीये, पाय लटपटतात, पण मी बरा आहे. तुम्ही येऊ नका."

आणि मग ते त्या पाण्यात पडल्या पडल्या हमसून हमसून रडायला लागले, खाली अंगणातल्या लोकांनाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने. मला आत धावत जाऊन त्यांना ओढून काढायचं होतं. त्यांनी येऊ नका म्हटलं होतं, म्हणून मी उंबऱ्यावर बसून राहिले.